नक्कोचं खोकं

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. दूधवाला एखाद्या दिवशी जास्तच गोड हसला तर मी आधी दूध तापवून बघते आणि मगच चहाला वापरते. फोनवर कुणी ‘अभिनंदन’ म्हणालं की फोन ठेवते. नवरा म्हणतो, तुला देव भेटला तर तू आधी त्याचं ओळखपत्र मागशील. मागीन की! त्यात माझं काय चुकलं?

हे सगळं वडिलांकडून आलेलं. ते कोर्टात नकलांच्या विभागात होते. मूळ कागद एकाच्या हातात, नक्कल दुसऱ्याच्या. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं अक्षराअक्षरावर बोट ठेवत जायचं. उभी नोकरी त्यांनी असं बोट ठेवत काढली. हैदराबादेतल्या बरकतपुऱ्याच्या आमच्या घरी लग्नाची पत्रिका आली तरी ते ती पालथी करून मागची बाजू बघायचे. “पुढची बाजू दाखवायलाच केलेली असते गं,” म्हणायचे. आई वैतागायची, मी मात्र त्यांच्याबरोबर मागची बाजू बघायला उभी असायचे.

आणि फिरून फिरून माझ्या नशिबी कामही तेच आलं. मोबाइलवर तुम्ही जे पडदे बघता ना, ते आधी कुणीतरी चित्रासारखे काढतं. बटण कुठे, रंग कुठला, नाव किती मोठं. त्या चित्राची फाइल माझ्याकडे यायची आणि मी तिच्यावरून कोड लिहायचे, म्हणजे चित्रातलं बटण खरोखर दाबता येईल असं करायचे. मूळ दुसऱ्याचं, नक्कल माझी. माधापूरच्या एका कंपनीत वर्षानुवर्षं मी हेच करत होते, आणि चांगलं करत होते. स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

चित्रं काढणारा आमचा डिझायनर गौलीगुड्याचा. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, म्हणजे इथली हैदराबादी हिंदी, माझ्याशी दखनीच. वयानं माझ्याहून बराच लहान, मला ‘अक्का’ म्हणायचा. आमच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी ते कानाला गोड लागलं. इतकं गोड लागलं म्हणूनच मी थोडी सावध झाले. पण पोरगा चांगला निघाला. एकाच कॅबनं यायचो, एकाच टेबलावर डबा खायचो. माझं मेथीचं पिठलं तो बोटं चाटून संपवायचा आणि त्याच्या आईच्या हातची गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी माझ्या पोळीवर घालायचा. “खाओ अक्का, पेट को कुछ नै होता,” म्हणायचा. व्हायचं, पण खायचे.

त्याची एक खोड होती. तो काहीही पुसून टाकायचा नाही. क्लायंटनं एखादं बटण नाकारलं, रंग नाकारला, अख्खा पडदा नाकारला, तरी तो ते उचलून फायलीतल्या एका खोक्यात टाकायचा आणि त्या खोक्याला नाव द्यायचा ‘नक्को’. आता नक्को म्हणजे काय हे हैदराबादेत कुत्र्यालाही कळतं. आमचाच ‘नको’ तो. इथं आला, इथलं खाऊन-पिऊन अंगानं भरला आणि नक्को झाला. त्या फायलीत प्रत्येक वस्तूपुढे एक बारका डोळा काढलेला असतो. डोळा उघडा असला की वस्तू दिसते, मिटला की दिसत नाही. असते तिथेच, फक्त दिसत नाही. तो सगळं नक्कोत टाकायचा आणि डोळा मिटायचा. नक्कोतलं मी बांधायचं नाही, हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं.

पण फाइल आली की मी सगळ्यात आधी नक्कोच उघडायचे. नाकारलेलं बघितलं की क्लायंटच्या पोटात काय आहे ते कळतं. एका मिठाईवाल्यानं पोपटी रंग नाकारला. रंग नक्कोत गेला, बाहेर आला, परत आत गेला, आणि शेवटी त्या माणसानं दुकानाची पाटीसुद्धा पोपटी करून घेतली. “देखे अक्का?” डिझायनर म्हणाला, “मैं बोला था ना, फेकना नक्को.” पुसलेलं गेलं ते गेलंच, पण नक्कोतलं परत येऊ शकतं, हे त्याचं म्हणणं मला पटायचं.

मग पुण्याहून नवे साहेब आले. मराठी माणूस आला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी तरी लहान, कपड्याला एक चुणी नाही, आणि पहिल्या दिवसापासून मला “ताई, ताई.” इतकं तोंडभर ताई तर माझा सख्खा भाऊ म्हणत नाही. त्यांनी येताना एक नवं टूल आणलं होतं. चित्राची फाइल त्याच्या तोंडात घालायची, आणि चहा पिऊन येईपर्यंत ते त्या चित्राचा कोड काढून देणार. म्हणजे माझं काम. सगळंच्या सगळं.

“अहो ताई, तुमचा भार कमी होईल,” साहेब हसून म्हणाले.

भार कमी होईल! बैलाचा भार कमी करायचा तर एक तर गाडीतलं सामान उतरवतात, नाहीतर बैल विकतात.  मनात जी पाल चुकचुकली ती काही केल्या गप्प बसेना.

सगळं ऑफिस त्या टूलच्या पुढेपुढे करू लागलं. त्याला फाइल कशी आवडते, नावं कशी दिलेली चालतात, कशानं त्याचं बिनसतं. मी त्याचं नाव ठेवलं जावई. डिझायनरला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता खोखो हसला. “दामाद आ गए, चलो, फाइल सजाओ,” म्हणायला लागला. तोपर्यंत आमचं ठीक होतं.

जावयाचं काम मी डोळ्यांत तेल घालून तपासत होते. दिसायला हुबेहूब, अगदी नाव ठेवायला जागा नाही. पण मी मागची बाजू बघणारी! बटण दिसायचं बटणासारखं, आत बघावं तर नुसता रंगवलेला चौकोन. दाबा, ढिम्म. तेलुगू मजकूर घातला की शब्द चौकोनाबाहेर लोंबायचे. अक्षरं मोठी केली, आणि ती मला करावीच लागतात, आबिड्सहून आणलेला चष्मा आता पुरत नाही, की अर्धा पडदा दुसऱ्या अर्ध्यावर बसायचा. मी एकेक चूक दाखवली की साहेब म्हणायचे, “सुधारेल हो ते.” कुणाकडून सुधारेल? माझ्याकडूनच ना! मी चूक काढायची, दुरुस्त करून दाखवायची, आणि ती दुरुस्ती जावयानं गिळायची. मला घरी जाऊन नवऱ्याला सांगावंसं वाटायचं, की मी माझ्याच जागेवर बसणाऱ्याला घास भरवतेय. सांगितलंही. तो म्हणाला, “तुला सगळीकडे तसंच दिसतं.”

एके दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी ते बोलून टाकलं. एका फंक्शन हॉलवाल्याचं काम आलं होतं. लग्नाचे हॉल मोबाइलवरून बघायचे आणि बुक करायचे, एवढंच. “हे पूर्ण टूलवर करून बघू,” साहेब म्हणाले. “नीट पार पडलं तर पडद्यांच्या कामाला पुढे दोन माणसांची गरज राहणार नाही. एक पुरेल.” बोलताना ते आमच्याकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. आणि तपासणीची जबाबदारी माझ्या नावावर लिहिली.

दोन माणसं म्हणजे कोण? तो आणि मी. तिसरं कुणी नव्हतंच.

मला घाम फुटला, खोटं कशाला सांगू. पन्नाशीची बाई मी. मुलाखतीला गेले तर पोरं ‘मॅम, मॅम’ करून खुर्ची देतील, पाणी देतील, नोकरी देणार नाहीत. आणि घरी बसायचं म्हटलं तर माझं काय होईल ते मला माहीत होतं. दुधाच्या पिशवीवर आणि शेजारणीवर संशय घेत बसेन. या खुर्चीत माझ्या संशयाला निदान किंमत होती, लोक त्याला ‘टेस्टिंग’ म्हणायचे.

त्या दिवसापासून डिझायनर बदलला. का मीच बदलले? छे, तोच बदलला. साहेबांच्या केबिनमध्ये जायला लागला, आणि गेला की दार लावून घ्यायचा. कॅबमध्ये येईना, स्कूटर घेतली म्हणाला. बरं, घेतली तर घेतली, पण डब्याच्या वेळेला ‘अक्का, तुम खालो, मेरेकू काम है’ हे कुठून आलं? जो माणूस पिठल्याचा वास आला की खुर्ची ओढायचा! मी जवळून गेले की मोबाइल पालथा घालायचा. एकदा मी तोंडावर विचारलं, “काय रे, साहेबांशी एवढं काय बोलतोस?” तर म्हणाला, “कुछ नै अक्का, बैगन के बातां.” वांग्याच्या गप्पांना कुणी दार लावतं का? कुठेतरी पाणी मुरत होतं. तो केसानं माझा गळा कापतोय, अशी माझी खात्रीच होत चालली.

फंक्शन हॉलची फाइल आली. साहेबांनी सगळी नावं टापटीप हवीत म्हणून बजावलं होतं, आणि त्यानं ती दिलीही होती, एकदम इंग्रजी, शिष्ट. फक्त तळाशी ते जुनं खोकं होतं. नक्को. मी उघडलं. आत हॉलवाल्यानं नाकारलेल्या गोष्टी होत्या. घोड्यावर बसलेला नवरदेव, एक जांभळा रंग, आणि एक मोठं बटण, ‘प्रत्येक बुकिंगवर हलीम फुकट’. हे बटण सुचवलं होतं हॉलवाल्याच्या मेहुण्यानं, आणि दर लग्नाला मटणाचं हलीम फुकट वाटायचं म्हटल्यावर हॉलवाला असा भडकला होता म्हणे की बैठकीतून उठून गेला. “हलीम का नाम भी दिखा तो काम वापस ले लूंगा,” असं बजावून गेला होता. डोळा व्यवस्थित मिटलेला होता. मी फाइल जावयाला घातली.

जावयानं कोड काढला. मी मोबाइल हातात धरून एकेक पडदा बघत गेले. सगळं छान. इतकं छान की मला चैन पडेना. मग सवयीनं मोबाइल आडवा केला, आणि हॉलच्या फोटोखाली, हिरवंगार, ठसठशीत, ‘हलीम फुकट’! मेल्या जावयाला नक्को कुठून कळणार? त्याच्या लेखी ते एक नाव होतं, जसं ‘बटण’, जसं ‘फोटो’. त्यानं खोक्यातलं सगळं बांधलं होतं आणि उभ्या मोबाइलवर फक्त झाकून ठेवलं होतं. आणि हॉलचे फोटो असतात रुंद. ते बघायला जो तो मोबाइल आडवा करणारच. हॉलवाला तर सगळ्यात आधी करणार.

मी डिझायनरच्या टेबलाशी गेले आणि मोबाइल त्याच्या नाकासमोर आडवा धरला. “हे बघितलंस?”

त्यानं बघितलं. मला वाटलं होतं दचकेल. दचकला नाही. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, “लाइट लो अक्का. रहने दो उसको.”

“राहू दे? उद्या हॉलवाल्यासमोर दाखवायचंय!”

“हौ, मालूम. तुम नै देखे समझो. रहने दो.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे याला माहीत होतं! माहीत असून तो मला गप्प बस म्हणत होता. तपासणी कुणाच्या नावावर? माझ्या. उद्या हलीम दिसलं की साहेब कुणाकडे बघणार? माझ्याकडे. एकच खुर्ची उरणार, आणि ही बया साधं बटण पकडू शकली नाही, हे सगळ्यांसमोर सिद्ध होणार. वा रे पठ्ठ्या! अक्का अक्का म्हणत काय सुरेख खड्डा खणला होता.

मी जागेवर आले आणि जावयाला शिकवलं. त्या टूलमध्ये साध्या भाषेत सूचना लिहायची सोय होती. मी लिहिलं, ‘नक्को नावाच्या खोक्यात जे असेल ते बांधायचं नाही, कधीच नाही.’ पुन्हा कोड काढला, मोबाइल उभा केला, आडवा केला, उलटा केला. हलीम गेलं.

तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर नक्को इंग्रजी अक्षरांत, दोन ‘के’ घालून लिहिलेलं होतं.

“ताई, हे नाक्को काय आहे? जपानी आहे का काही?”

मला हसू आवरेना. “अहो, जपानी कसलं! तुमचंच आहे. नको!”

“दोन के?”

“इथं दोनच लागतात.”

मग मी त्यांना सगळं समजावलं, खोकं, मिटलेला डोळा, आणि माझी सूचना. कशासाठी लिहिली ते मात्र सांगितलं नाही, चहाडी करणं माझ्या रक्तात नाही. साहेब खूश झाले. “म्हणजे नक्कोत टाकलं की टूल आपोआप सोडून देणार? मस्त सोय केलीत ताई.” आणि दिवसभर ते ज्याला त्याला नक्को, नक्को म्हणत फिरले. पुण्याच्या तोंडून तो शब्द म्हणजे बिर्याणीवर दाण्याचं कूट.

दुसऱ्या दिवशी हॉलवाला आला. अत्तराचा वास, हातात दोन मोबाइल. साहेबांनी दाखवायला सुरुवात केली. मी शेवटच्या खुर्चीत, डिझायनर माझ्यासमोर. हॉलवाल्यानं पहिला फोटो बघितला आणि लगेच मोबाइल आडवा केला. मी डिझायनरकडे बघत होते. तो एकटक त्या मोबाइलकडे बघत होता, श्वास रोखून. फोटो मोठा झाला, झुंबरं, लाल गालिचा, नवरानवरीचं सिंहासन. बाकी काही नाही. “बढिया!” हॉलवाला म्हणाला. साहेबांनी टेबलावर हात आपटला. “बघा, पूर्ण टूलनं केलंय. एकही चूक नाही!”

बाहेर आल्यावर डिझायनर माझ्यापाशी थांबला. “तुम निकाल दिए, अक्का?”

“हौ, मैंइच निकाली,” मी मान ताठ करून म्हटलं. घे!

तो नुसता ‘अच्छा’ म्हणाला आणि पाणी प्यायला निघून गेला. मला वाटलं, डाव फसला की माणूस असाच होतो. त्या दिवशी मी एकटीनं पिठलं खाल्लं आणि मला ते फार चवीचं लागलं.

त्यानंतर काही आठवडे बरे गेले. जावयाकडे आणखी कामं गेली, मी तपासत राहिले, खुर्चीबद्दल कुणी काही बोललं नाही. मग कंपनीची स्वतःची वेबसाइट नवी करायचं निघालं. तिच्यात ‘आमची माणसं’ नावाचं एक पान होतं, सगळ्यांचे फोटो, खाली नाव आणि काम. डिझायनरनं पान काढलं, जावयानं कोड काढला, तपासायला माझ्याकडे आलं.

मी पान वरून खाली बघितलं. साहेब होते, केस चापूनचोपून. डिझायनर होता, लग्नात काढलेला असावा तसला फोटो. हिशेबवाल्या बाई, दारावरचा रखवालदार, सगळे होते. मी नव्हते. पुन्हा बघितलं. मोबाइल आडवा केला. मी नव्हतेच.

आणि खरं सांगते, मला आनंद झाला! सापडला! एवढे दिवस सगळे जावयाची आरती ओवाळत होते, आणि त्यानं काय केलं? जिवंत माणूस गाळला. बटण नाही, रंग नाही, चांगली धडधाकट बाई गिळली आणि ढेकरही दिला नाही. वडील असते तर म्हणाले असते, नकलेत अख्खी ओळ गळलीय, करा परत. मी लॅपटॉप तसाच उघडा उचलला आणि साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. दारावर टकटकसुद्धा केलं नाही.

“बघा तुमच्या टूलचे प्रताप,” मी म्हटलं. “म्हणे एकही चूक नाही! आमची माणसं, आणि त्यात मीच नाही. हे असं पान लोकांना दाखवणार आहात?”

मला वाटलं, साहेब ‘सुधारेल हो ते’ म्हणतील. त्यावर काय बोलायचं ते मी येता येता ठरवून ठेवलं होतं. पण साहेबांनी लॅपटॉपकडे बघितलंच नाही. हातातलं पेन खाली ठेवलं.

“ताई, बसा ना.”

“उभीच बरी आहे. हे आधी बघा.”

“ताई,” ते म्हणाले, “पान बरोबर आहे.”

बरोबर कसं? मी तिथंच, उभ्या उभ्या, मूळ चित्राची फाइल उघडली, त्यांच्या तोंडावर मारायला. मूळ कागद शेवटी मूळ कागद. सगळ्यांचे फोटो रांगेत होते. रांगेत माझा नव्हता. मग माझी नजर सवयीनं तळाशी गेली. तिथं ते खोकं होतं. नक्को. मी उघडलं. आत एकच वस्तू होती. माझा फोटो, खाली माझं नाव, माझं काम. पुढे बारका डोळा, मिटलेला.

जावयाची चूक नव्हती. मी त्याला सांगितलं होतं, नक्कोतलं बांधायचं नाही, कधीच नाही. त्यानं शब्द पाळला होता.

साहेब बोलत होते. शुक्रवारी मला नीट बोलावून सांगणार होते म्हणे. त्यांच्या हातात काही नव्हतं म्हणे, वरच्यांचा निर्णय. चित्र काढणारा माणूस तर लागणारच, चित्राशिवाय टूल करणार काय? पण कोडासाठी आणि तपासणीसाठी वेगळं माणूस... “आणि ताई, हॉलवाल्यांच्या डेमोत एकही चूक निघाली नाही ना. तिथंच ते ठरलं. एखादी जरी निघाली असती, तर मी वर सांगू शकलो असतो की अजून माणूस हवं.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रहने दो उसको. तुम नै देखे समझो. अरे देवा! हलीम दिसलं असतं तर हॉलवाला उसळला असता, जावयाची सगळ्यांसमोर फजिती झाली असती, आणि आम्ही दोघंही आपापल्या खुर्चीत राहिलो असतो. तो ते बटण माझ्यासाठी ठेवत होता, आणि मी माझ्याच हातानं ते काढून माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. पण त्या मूर्खानं सांगायचं ना तोंड उघडून! ‘लाइट लो’ म्हणे! एवढ्यावर कुणी विश्वास ठेवतं? दार लावून बसणाऱ्या माणसावर मी का ठेवावा? मला साहेबांचा राग आला नाही, जावयाचाही आला नाही, त्याचा मात्र इतका आला की डोळ्यांत पाणी आलं.

मी लॅपटॉप मिटला आणि तडक कँटीनमध्ये गेले. तो कोपऱ्यातल्या आमच्या जुन्या टेबलावर बसला होता. डबा समोर, पण उघडलेला नाही. मला बघून उभा राहिला.

“ठेवलास मला खोक्यात?” मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, दखनी आठवेना. आजूबाजूची माणसं बघायला लागली. बघू देत.

“अक्का, बैठो.”

“बसत नाही. साहेबांशी दार लावून हेच बोलत होतास ना? मला काढायचं?”

“नै अक्का.” त्यानं मान हलवली. “दोनों को रखो बोलके जाता था. रोज जाता था. पहले बताता तो तुम परेशान होते, इसलिए नै बताया.” मग त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. “आखिर में साब बोले, अक्का का फोटो डिलीट करो. मैं बोला, डिलीट नै करता मैं. नक्को में रखा.”

मला कळलं तो काय सांगतोय ते. पुसलेलं गेलं ते गेलंच, पण नक्कोतलं परत येऊ शकतं. पोपटी रंग आला होता. पण माझा स्वभाव कुठे जातो? मला अजून एक गोष्ट खटकत होती आणि ती विचारल्याशिवाय मला तिथून हलता येणार नव्हतं.

“ठेवलास ते ठेवलास,” मी म्हटलं. “पण डोळा का मिटलास? टूल तर असंही खोकं सोडून देतं. मीच शिकवलंय त्याला. डोळा मिटायची काय गरज होती?”

त्यानं डब्याचं झाकण उगाचच फिरवलं. वर बघितलंच नाही.

“वो दामाद के लिए नै था, अक्का,” तो म्हणाला. “मेरेसे देखा नै गया.”